बारा मिनिटांचा तास

आमच्या मिरजेच्या जीएनएम (नर्सिंग डिप्लोमा) बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून भांडण पेटलंय. नर्सच्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाला ५ वर्षांत १५० तासांचं सीएनई, म्हणजे नोकरीत असताना करायचं पुढचं शिक्षण, लागतं, ते एक वेळ ठीक; पण तास देणाऱ्या संस्थेलाही मान्यता हवी, हे कशाला? त्यात कुणीतरी टाकलंच, "तुमच्या अमेरिकेत असली कटकट नसेल."

असते गं बाई! मी नर्स आहे त्या कॅलिफोर्नियात दर २ वर्षांनी ३० तास. सर्टिफिकेटवर राज्याच्या नर्सिंग बोर्डाने कोर्स देणाऱ्या संस्थेला दिलेला प्रोव्हायडर नंबर किंवा एएनसीसीसारख्या, असे कोर्स देणाऱ्यांना पारखणाऱ्या संस्थेची मान्यता नसेल तर तो कागद रद्दी. वर ४ वर्षं जपून ठेवायचा, ऑडिट आलं तर दाखवायला. एएनसीसी तर मान्यता देताना संस्थेला खोदून विचारते: नर्सेसना नेमकं काय येत नव्हतं म्हणून हा कोर्स काढलात, आणि नंतर काय बदललं ते कसं तपासलंत? शिकवणाऱ्याचे औषध कंपनीशी पैशाचे संबंध असतील तर ते आधी सांगायचे. कंपनीने पैसे दिले तरी मजकुरात बोट घालायचं नाही.

हे मला फार पटतं. तिकडे भारतात असताना एका सीएनईत ड्रेसिंग विकणारा माणूसच जखमांवर बोलला होता. मग जेवण, मग सही. मी तर दोन सह्या केल्या. एक न आलेल्या मैत्रिणीची. (ती आज ग्रुपवर सगळ्यात मोठ्याने भांडतेय.)

आता इथलं, अमेरिकेतलंही सांगते. ओळीने तीन नाइट झाल्या की चौथ्या दिवशी कुकर लावते, लॅपटॉप उघडते आणि थेट शेवटच्या प्रश्नांवर जाते. चुकलं तर पुन्हा सोडवायची मुभा. बोर्डाचा तास ५० मिनिटांचा, एएनसीसीचा ६०. माझा बारा मिनिटांचा. शिक्का मात्र अस्सल.

आणि ज्या हाताने आज मी नव्या पोरींना आयव्ही शिकवते, त्याला वळण लावलं ते मिरजेच्या मोठ्या सिस्टरांनी. "डोळ्यांनी काय बघतेस, बोटाने शोध शीर." त्यांना कुठला प्रोव्हायडर नंबर?

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, शेवटचे दोन परिच्छेद सोडून. लगेच उत्तर आलं: "तुझं इथलं, भारतातलं रजिस्ट्रेशन चालू आहे का गं?"

२०१९ पासून बंद आहे. कार्ड अजून पासपोर्टच्या पिशवीत असतं, माहेरच्या नावाचं. "करायचंय रिन्यू," एवढंच लिहिलं.