‘थुंकीच्या थेंबात सगळे आजार’ : त्या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापुरातल्या तालमी-मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘नॅनोपोअर यंत्रात थुंकी टाका, पाच मिनिटांत सगळे आजार कळतात, पण त्यातले जिवाणू अंगात शिरतात.’ दोन्ही चूक. नॅनोपोअर म्हणजे अतिसूक्ष्म छिद्र; त्यातून डीएनए सरकवून तो वाचणारं हे यंत्र खिशात मावण्याएवढं आहे.

त्यात जिवाणू नसतात. असतात ती जिवाणूंकडून उचललेल्या, प्रयोगशाळेत फेरफार केलेल्या प्रथिनांची छिद्रं. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अल्फा-हिमोलायसिन हे असंच जिवाणूंचं प्रथिन वापरलं होतं. त्याच्या छिद्राचा सर्वांत अरुंद भाग जेमतेम १.४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), डीएनएची एकेरी साखळीच कशीबशी जाईल इतका. असं छिद्र पातळ पडद्यात बसवतात, दोन्ही बाजूंना खारं पाणी ठेवून विजेचा दाब देतात. साखळी आत शिरली की छिद्रातून वाहणारा विजेचा प्रवाह घटतो. किती घटला, त्यावरून आतली अक्षरं, म्हणजे डीएनएचे घटक, संगणक ओळखतो. डीएनए सुसाट निघून जाऊ नये म्हणून आणखी एक प्रथिन त्याला धरून सावकाश पुढे सोडतं. हे सगळं यंत्रातच. अंगात काहीही जात नाही.

आता ती पाच मिनिटं. आधी नमुन्यातून डीएनए वेगळा काढावा लागतो, त्याच्या टोकांना छिद्रात शिरायला मदत करणारे जोडतुकडे लावावे लागतात. २०१५ मध्ये गिनीत इबोलाचे विषाणू याच यंत्रावर वाचले, तेव्हा नमुना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत निकाल येणं हीच मोठी मजल होती. आणि ‘सगळे आजार’? आज तुमची साखर किती, बीपी किती, हे डीएनए वाचून कळत नाही हो.

मेसेजखाली बुकिंगचा नंबर आहे. त्यावर पैसे पाठवू नका.