सिंधुदुर्ग तासाभरात उरकायचा नसतो

कोल्हापुरातनं मालवणला जाणाऱ्या गाड्यांचा कार्यक्रम आता ठरून गेलाय. सकाळी आठला निवांत निघायचं, फोंड्यात चहा, एकच्या सुमारास मालवणात सुरमईची थाळी, आणि पोट जड झालं की भर उन्हात होडीत बसायचं. किल्ल्यावर शिवराजेश्वराचं, म्हणजे शिवाजी महाराजांचं, देऊळ, एखादी विहीर, दरवाज्यात फोटो, तासाभरात परत धक्क्यावर. संध्याकाळी स्टेटस पडतं: सिंधुदुर्ग झाला. पन्हाळ्यावर जाऊन बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी फोटो काढायचा आणि तिथनंच गाडी वळवायची, तसलाच हा प्रकार.

मालवणसमोरच्या कुरटे बेटाच्या ४८ एकरांभोवती तट घालून आत आख्खी वस्ती बसवलेली आहे. देवळं, विहिरी, जुने चौथरे, आणि आजही तिथं राहणारी काही कुटुंबं. तट सुमारे ३ किलोमीटर, म्हणजे रंकाळ्याच्या एका फेरीपेक्षाही कमी. पण तो वरनं चालल्याशिवाय या जागेतलं काहीच कळत नाही. त्याला किमान ३ तास पाहिजेत, आणि ते कुठल्या दिवशीचे हे सुट्टी बघून ठरवू नका, तिथी बघून ठरवा.

मालवणच्या मच्छीमाराला भरतीची वेळ विचारलीत तर तो आधी तिथी विचारेल. हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. तिथीला ३ नं गुणा, ४ नं भागा, आली ती पूर्ण भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. चतुर्थीला ४ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे ३ वाजता भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, त्यामुळं आदल्या रात्री मोबाईलवर मालवणचं भरतीचं वेळापत्रक एकदा ताडून बघा. दिवस निवडायला मात्र भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

आपल्याला पाहिजे सकाळची ओहोटी, म्हणजे तृतीया, चतुर्थी, पंचमी. तेव्हा तटाचा पाया आणि भोवतीचे खडक उघडे पडतात, आणि पश्चिमेकडची राणीची वेळ, म्हणजे तटाला लागून असलेली छोटी वाळूची पुळण, नीट दिसते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. हौसेनं पौर्णिमेचा रविवार धरून येणारे नेमके भर दुपारी चढलेल्या पाण्यात पोचतात आणि पुळण कुठंय म्हणून विचारत बसतात. एक अडचण आधीच सांगतो. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. मासे खायचे असतील तर पंचमी धरा.

नवाच्या सुमारास धक्क्यावर असायचं तर कोल्हापूर पहाटे साडेचारला सोडा. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल, मालवण असा रस्ता. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, वेळ चार-साडेचार तास. दाजीपूरच्या पट्ट्यात अंधारात वेग आवरा. रस्त्यावर उभा असलेला गवा लांबनं काळ्या सावलीसारखा दिसतो आणि हॉर्न वाजवला म्हणून बाजूला होत नाही. दिवे खाली करून थांबायचं, तो त्याच्या सवडीनं जातो. पावसाळ्यात ही सहल नाहीच. जूनपासून किल्ल्याच्या होड्या बंद असतात आणि समुद्र निवल्यावर सुरू होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये जायचं तर अकराच्या आत तट उतरलेला पाहिजे.

होडीत चढण्याआधी एक गोष्ट बोलून घ्या. नेहमीच्या फेरीत किल्ल्यावर तासाभराचा वेळ मिळतो आणि ज्या होडीनं गेलात तिनंच परतायचं असतं. तासाचं गणित इथंच बसलंय. तीन तास हवेत, नंतरच्या फेरीनं येऊ, हे तिकीट काढतानाच सांगायचं आणि कुठल्या होडीनं परत यायचं ते पक्कं करायचं. किल्ल्यावर पोचून हुज्जत घालून उपयोग नसतो, कारण प्रत्येक होडीची माणसं मोजलेली असतात. जादा पैसे पडले तर द्या. आठ-दहा जण असाल तर वेगळी होडी ठरवणं सोपं जातं. शनिवार-रविवारी हे जमणं कठीण, म्हणून आडवार बघा.

धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. घसरगुंडी चप्पल नको, मागं पट्टा असलेली आणि तळ धरणारी पाहिजे. होडी लाटेबरोबर वरखाली होते. ती वर आली की पाय टाकायचा, खाली जाताना नाही. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवा. माणशी दोन लिटर पाणी न्या आणि धक्का सोडण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन या.

आता होडीतनं बघा. किल्ला समोर दिसतो, पण दरवाजा दिसत नाही. तट वळत वळत येतो, दोन बुरूज एकमेकांना झाकतात आणि होडी अगदी जवळ गेल्यावर मधली फट उघडते. गोमुखी दरवाजा म्हणतात तो हा. शत्रूच्या जहाजाला तोफ रोखायला सरळ रेघच मिळत नाही. शिवाय पाण्याखाली खडकांचं जाळं, ज्याला वाट ठाऊक त्यालाच ती सापडते. बेट निवडलं ते याचसाठी. होडीवाला सरळ न जाता वळसे का घेतो, ते ओहोटीला उघड्या डोळ्यांनी दिसतं.

आत शिरलात की गर्दी शिवराजेश्वराकडं वळते. तुम्ही आधी दरवाज्याजवळच्या जिन्यानं तटावर चढा. तिथंच दोन छोट्या घुमट्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे आहेत, शिवाजी महाराजांचे म्हणून पूजले जातात. तिथनं फांजीवरनं, म्हणजे तटावरच्या चालवाटेनं, चालायला लागा. तटाची उंची ३० फुटांच्या घरात, जाडी सुमारे १२ फूट. तट सरळ कुठंच जात नाही, खडक वळला तसा वळलाय, त्यामुळं एका बुरुजावरनं शेजारच्या तटाची बाहेरची बाजू स्पष्ट दिसते. पायथ्याशी कोणी शिडी लावली तर बाजूच्या बुरुजावरचा माणूस त्याला टिपणार. एखाद्या जंगीत, म्हणजे मारा करायला तटात ठेवलेल्या भोकात, डोकं घालून बघा. आतनं रुंद, बाहेर अरुंद, आणि खाली उतरत गेलेली. क्षितिज दिसत नाही, तटाखालचं पाणी दिसतं. वाटेत तटाच्या जाडीतच बांधलेले शौचकूप आहेत, चाळीसेक. त्यांचा वापर कोण करत असेल याचा विचार केलात की पहाऱ्यावरच्या माणसांची संख्या डोळ्यांसमोर येते.

पश्चिमेकडं सांभाळून. लाटांचा सगळा मार त्या बाजूला, तिथं फांजी काही ठिकाणी तुटलेली आणि झुडपांनी भरलेली आहे. वाट बंद दिसली की जिन्यानं खाली उतरा, पुढच्या जिन्यानं परत चढा. चर्येवर, म्हणजे तटाच्या कडेच्या कठड्यावर, बसून पाय बाहेर सोडून फोटो काढणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. दगड सुटा आहे की नाही, ते वरनं कळत नाही.

ओहोटीला पायथ्याचे थर बघायचं कारण वेगळं. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं, १६६७ ला तट उभा राहिला. पाया घालताना शिसं ओतलं, हे सगळे गाईड सांगतात, का ते फारसं कोणी सांगत नाही. चुन्याला धरायला दिवस लागतात आणि इथं ओहोटीनंतर सहा तासांत पाणी परत चढतं. ओला चुना लाटेबरोबर वाहून जाणार. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे लाकडाच्या जाळावर होतं, आणि ओतल्यावर गार होताच घट्ट बसतं. एका ओहोटीत एक थर पक्का करायचा असेल तर दुसरं काय वापरणार?

तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, यात चमत्कार नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यानं त्याच्यावर तरंगून राहतं. उपसा बेताचा असला तर गोडं पाणी टिकतं, हावरेपणानं उपसलं तर खालचं खारं वर येतं. पन्हाळ्याची अंधारबाव, म्हणजे इमारतीत झाकून ठेवलेली विहीर, बघितलेल्याला लगेच लक्षात येईल, वेढ्यात किल्ला आधी पाण्यावाचून पडतो.

शिवराजेश्वर आता, गर्दी ओसरल्यावर. राजाराम महाराजांच्या काळातलं, १६९५ च्या सुमाराचं देऊळ. मूर्ती वीरासनात, दाढी नाही, डोक्यावर नावाड्यासारखी टोपी. मुखवटा आणि वस्त्रं चढवलेली असली तर यातलं काही दिसत नाही. पुजाऱ्यांना अदबीनं विचारा. पुढचा सभामंडप आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेला. इथंच कोल्हापूरकरांनी जरा थांबावं, कारण हा किल्ला बराच काळ करवीर गादीचा होता. १७६५ ला ईस्ट इंडिया कंपनीनं तो घेतला, नाव फोर्ट ऑगस्टस ठेवलं, आणि पुढं तह करून जिजाबाई राणीसाहेबांच्या कारभाराला परत दिला. १८१२ च्या तहात मात्र मालवण बंदरासकट कायमचा गेला. पन्हाळ्याचा इतिहास आपल्याला तोंडपाठ, आणि आपल्या गादीच्या आरमाराचं हे ठाणं मात्र थाळीनंतरचा टाइमपास, हे मला पटत नाही. २०२५ ला युनेस्कोच्या यादीत दोन्ही किल्ले एकत्रच गेलेत.

राणीची वेळ शेवटी ठेवा. तटातल्या छोट्या दरवाज्यानं पुळणीवर उतरता येतं. ताराराणी इथं समुद्रस्नान करत, असं सांगतात. पाण्यात पोहायला जाऊ नका, खडक धारदार आहेत. पाणी पुळणीवर चढत आलं की वर या.

बाराच्या आत धक्क्यावर परत. जवळच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याकडं वाळूच्या पट्ट्यावरनं चालत जायचा मोह त्या दिवशी आवरा, पाणी फिरलेलं असतं आणि तो पट्टा तुमच्या मागनं बुडतो. त्यापेक्षा किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा: गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेला खडक, किल्ल्याचं भूमिपूजन झालं ती जागा. दहा मिनिटं पुरतात. मग थाळी, सोलकढी, बाजारातनं खाजं आणि कोकम, आणि तीनला गाडी काढा. दाजीपूर उजेडात ओलांडता येतं.