काका, टेपने जात मोजता येत नाही

परवा लेक शिवणाच्या डब्यातली टेप डोक्याभोवती गुंडाळून आरशासमोर उभी. काय करतेस म्हटलं तर म्हणे, "काकाआजोबांनी पाठवलंय ना, डोक्याच्या मापावरून जात कळते. आपली बघतेय." दहा वर्षांची पोर!

मेसेज तुमच्याकडेही फिरून गेला असेल. नाकाच्या रुंदीवरून जात कळते, हे इंग्रजांनी सिद्ध केलं. कवटीवरून अक्कल कळते, हे जर्मनांनी. आपल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला जाऊन हेच शिकून आल्या. आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'हाडं खोटं बोलत नाहीत.'

नाकाचं आधी उरकते. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८९१ साली नाकांची मापं छापली आणि नाक रुंद तितकी जात खालची, असं ठरवून टाकलं. तसल्याच मापांचे तक्ते घेऊन बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ते आर्य तर हेही आर्य, ते द्रविड तर हेही द्रविड.

खरी चीड आली ती इरावतीबाईंचं नाव वाचून. अहो, त्या नेमकं उलटं करून आल्या! १९२८ साली बर्लिनला गेल्या तेव्हा मार्गदर्शक कोण, तर ऑयगेन फिशर, ज्याचं वंशशास्त्र पुढे नाझींनी डोक्यावर घेतलं. त्याचं म्हणणं, गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, उजवीकडे मेंदूचा पुढचा भाग मोठा, म्हणून बुद्धी जास्त. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानपणा सगळ्यांतच सापडला, वंशाशी त्याचा संबंध काही सापडला नाही. आणि विशीतल्या, परक्या देशातल्या त्या मुलीने तसंच प्रबंधात लिहिलं, साक्षात फिशरसमोर. त्याने पास केलं, पण जेमतेम मार्क देऊन. ही बाई तुमच्या मेसेजात साक्षीदार म्हणून?

बरं, एक कबूल करते. परत आल्यावर त्यांनीही इथे वर्षानुवर्षं जातवार मापं घेतली. मला ते रुचत नाही. पण त्यांच्या हाती लागलं काय, तर एकाच नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीसुद्धा एका मुळातून फुटलेल्या नाहीत. म्हणजे जात रक्तातच असते, असा मेसेजचा जो सूर आहे, त्याचीच पंचाईत.

हाडं खोटं बोलत नाहीत, हे मात्र शंभर टक्के मान्य. न्यूयॉर्कमध्ये १९९१ साली सरकारी इमारतीसाठी खणताना गुलाम आफ्रिकनांचं जुनं दफनस्थान लागलं. मानववंशशास्त्रज्ञ मायकेल ब्लेकी आणि सहकाऱ्यांनी चारशेहून जास्त सांगाडे तपासले. दातांवर लहानपणीच्या उपासमारीचे नि आजारांचे वळ, ओझी वाहून स्नायू जिथे हाडाला चिकटतात तिथे झालेल्या इजा, आणि कितीतरी सांगाडे लहान मुलांचे. कुणाला काय खायला मिळालं, कुणाच्या डोक्यावर किती भार होता, एवढं हाडं चोख सांगतात.

टेप मी डब्यात परत टाकलीय. काका, तो मेसेज तुम्हीच ग्रुपवरून काढा, पोरीला मी सांगते.