ॲबी रोड सहावर, डार्क साइड अकरावरच

दादा, तुमची कमेंट परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर दिलं नाही, कारण 'शो-ऑफ' हा शब्द लागला होता आणि रागात लिहिलं असतं तर वाद भलतीकडे गेला असता. मग रविवारी तिन्ही अल्बम परत लावले, दारं लावून, सलग, आणि आता बसलोय.

तुमचं म्हणणं असं, की माझ्या पंचवीस रॉक अल्बमच्या यादीत पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून' अकरावा, बीटल्सचा 'ॲबी रोड' सतरावा, आणि ज्याला तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं तो वेल्वेट अंडरग्राउंडचा केळ्याच्या कव्हरचा अल्बम चौथा, हे लोकांना चकित करायला केलंय. डार्क साइड बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत ७४१ आठवडे होता आणि आकडे खोटं बोलत नाहीत. आणि २०२० मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने सोल गायक मार्विन गेला एक नंबर देऊन आपल्या यादीची वाट लावली, मी त्याच हवेत वाहत गेलो, असंही तुम्ही म्हणता.

आकड्यांचं आधी. ७४१ आठवडे खरे आहेत, १९७३ ते १९८८, आणि ते प्रचंडच आहे, पंधरा वर्षं लोक नव्याने विकत घेत राहिले ही साधी गोष्ट नाही. पण तोच अल्बम अमेरिकेत एक नंबरवर फक्त एक आठवडा होता. मग यातला कुठला आकडा धरायचा? वेल्वेटवाला १९६७ मध्ये त्याच यादीत जेमतेम १७१ व्या नंबरपर्यंत चढला, पण त्यावरून तो किती घरांत पोचला एवढंच कळतं, आत काय वाजतंय ते नाही. आपल्याकडे सुनीलचं कसोटी ॲव्हरेज ५१.१२ आणि सचिनचं ५३.७८, दोन्ही पक्के आकडे, तरी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरचा वाद आजपर्यंत मिटला का?

रोलिंग स्टोनबद्दल मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. पहिली गोष्ट, ती यादी रॉकची नव्हतीच कधी, 'सर्वकालीन ५०० अल्बम' अशी होती, आणि मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' २००३ मध्येही सहावा होता, तेव्हा कोणी ओरडलं नाही. त्या २००३ च्या पहिल्या दहात चार बीटल्सचे, दोन बॉब डिलनचे, १९७९ नंतरचा एकही नाही आणि एकाही बाईचा नाही. सतरा वर्षांनी मतं देणारी माणसं बदलली तर बीटल्सचा 'सार्जंट पेपर' एकवरून चोविसावर गेला आणि जोनी मिचेलचा 'ब्लू' तिसावरून तिसरा आला. रेकॉर्ड तर त्याच होत्या ना, त्यात एक सूर इकडचा तिकडे झाला नव्हता! मग २०२० ची यादी बिघडलेली आणि २००३ ची शुद्ध असं कसं म्हणता येईल, दोन्हीकडे कोणाला विचारलं त्यावरच सगळं ठरलं. आणि तुमचा डार्क साइड २००३ मध्येही ४३ वाच होता बरं का, २०२० मध्ये ५५ वा झाला, म्हणजे जुन्या जाणकारांनीही तो पहिल्या दहात बसवला नव्हता.

वेल्वेट चौथा का, ते सांगतो. तुम्ही त्यातल्या जॉन केलच्या व्हायोलाला, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाला, बेसूर करकर म्हणालात. आमच्या घरी आजोबांचा तंबोरा होता, रोज सकाळी लागायचा, आणि 'व्हीनस इन फर्स' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो व्हायोला परका वाटलाच नाही, एकच सूर धरून ठेवलाय आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. 'हेरॉइन'मध्ये लय वाढत वाढत जाते आणि मधेच मॉरीन टकरचा ड्रम चक्क थांबतो, बाकीचे वाजवतच राहतात, नंतर ती परत येते. ती जागा दुसऱ्या कोणी पुसून टाकली असती, यांनी ठेवली. त्या हिमतीसाठी चौथा. डार्क साइडमध्ये अशी एकही जागा नाही, सगळं घासून पुसून लख्ख, आणि 'एनी कलर यू लाइक' मला आजही दोन मोठ्या गाण्यांमधलं भरताड वाटतं. अकरा म्हणजे अकरा.

पण ॲबी रोडबद्दल तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. गिरगावात आमच्या चाळीत एका मित्राचा मोठा भाऊ रेकॉर्डवरून सी-नव्वदच्या कॅसेटवर भरून द्यायचा, एका बाजूला एक अल्बम. डार्क साइड त्रेचाळीस मिनिटांचा, तो पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूवर आरामात बसायचा, फक्त पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं 'ग्रेट गिग' संपलं की त्याने पॉज दाबल्याचा खट् आवाज, मग रेकॉर्ड उलटून 'मनी' गाण्यातल्या नाण्यांचा खणखणाट, आणि तो खट् मला कितीतरी वर्षं अल्बमचाच भाग वाटायचा. ॲबी रोड सत्तेचाळीस मिनिटांचा. तो बसायचा नाही. शेवटच्या मेडलीत, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या गाण्यांत, रिंगोचा ड्रम सोलो व्हायचा, तिघांच्या गिटारी सुरू होतात न होतात तोच कॅसेट संपायची. मी हा अल्बम शेवटाशिवाय पाठ केलाय. नंतर ऱ्हिदम हाउस या दुकानातून सीडी आणली, तेव्हा शेवट ऐकला, आवडलाही, पण 'चांगला आहे पण अर्धवट' हे डोक्यात आधीच बसलं होतं आणि यादी करताना मी तेच मत उचललं, नव्याने ऐकायची तसदी घेतली नाही. हे माझ्याकडून व्हायला नको होतं.

रविवारी ऐकलं तेव्हा त्या गिटारी पॉल, जॉर्ज, जॉन अशा आळीपाळीने येतात, मग एकदम सगळं थांबून नुसता पियानो उरतो, तिथे माझ्या अंगावर काटा आला. ॲबी रोड सहावर नेलाय, मूळ पोस्टमध्ये बदल केलाय आणि तुमच्या कमेंटमुळे केला असं लिहिलंय.

आता तुमची पंचवीसची यादी येऊ द्या. फक्त प्रत्येक अल्बमपुढे तो पहिल्यांदा कशावर ऐकला, रेकॉर्ड, कॅसेट की मुंबईच्या रंगभवन थिएटरला कुठल्यातरी बँडने वाजवला म्हणून, तेवढं लिहा.