चांगल्या माणसांपुरता चोरदरवाजा

मुलांच्या सुरक्षिततेचा कायदा म्हटलं की विरोध करणाऱ्याची पंचाईत होते. ‘म्हणजे तुम्ही गुन्हेगारांच्या बाजूचे?’ हा प्रश्न ठरलेला. तरी बोलतो.

ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टमधल्या कलम १२१ नुसार ऑफकॉम ही नियामक संस्था कंपन्यांना खासगी मेसेजमधलंही बाल लैंगिक शोषणाचं साहित्य शोधणारं तंत्रज्ञान वापरायला लावू शकते. विधेयक चर्चेत असतानाच सिग्नल या मेसेजिंग ॲपने सांगून टाकलं होतं, एन्क्रिप्शन (म्हणजे मेसेज कुलूपबंद करणारी सांकेतिक रचना) कमकुवत करायची वेळ आली तर आम्ही ब्रिटन सोडू. त्यावर सरकार म्हणालं, तांत्रिकदृष्ट्या शक्य होईपर्यंत हा अधिकार वापरणार नाही. छान! पण मग तो कायद्यात ठेवला कशाला?

एंड-टू-एंड एन्क्रिप्शनमध्ये मेसेज उघडायची किल्ली फक्त बोलणाऱ्यांच्या फोनवर असते, कंपनीकडेही नसते. त्यामुळे झडती घ्यायची तर ती फोनमध्येच, मेसेज कुलूपबंद होण्याआधी. ‘आम्ही एन्क्रिप्शनला हातच लावत नाही’ हे मग शब्दशः खरं ठरतं. पाकीट चिकटवण्याआधीच पत्र वाचून झालं असेल तर पाकिटाचा उपयोग काय? आज फोटो शोषणाच्या आधीच माहीत असलेल्या साहित्याच्या ज्या यादीशी ताडून बघायचे तिच्यात उद्या काय घालायचं, हे वापरणाऱ्याला कळणारही नाही. ॲपलने २०२१ मध्ये आयक्लाउड या आपल्या ऑनलाइन साठवणीत जाणाऱ्या फोटोंसाठी अशीच योजना आणली होती. टीकेनंतर २०२२ च्या डिसेंबरात ती गुंडाळली.

‘फक्त पोलिसांसाठी’ ठेवलेल्या सोयीचं काय होतं ते ग्रीसने पाहिलंय. तिथल्या एका मोबाइल कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगची सोय होती. २००४-०५ मध्ये कुणीतरी तीच गुपचूप चालू केली आणि खुद्द पंतप्रधानांसह शंभरावर लोकांचे फोन ऐकले. २०२४ मध्ये अमेरिकेत ‘सॉल्ट टायफून’ नावाने ओळखले जाणारे, चीनशी संबंधित हॅकर टेलिकॉम कंपन्यांत घुसले आणि न्यायालयाच्या आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या माहितीपर्यंत पोचले. त्यानंतर तिथल्याच सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना सल्ला काय दिला? एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेलं ॲप वापरा.

मोठ्या टेक कंपन्यांचा मला पुळका नाही. तक्रारीचं बटण मेनूच्या तळाशी दडवणं, अनोळखी प्रौढांना मुलांच्या इनबॉक्सपर्यंत पोचू देणं, आलेल्या तक्रारींवर झोपून राहणं, यासाठी त्यांना खुशाल दंड करा. यातलं काहीही सुधारायला कुणाचा मेसेज फोडावा लागत नाही. तपास करणाऱ्या पोलिसांना माणसं आणि पैसा द्या. कलम १२१ मात्र ‘वापरणार नाही’ म्हणून भागणार नाही, ते रद्द करा.