१७व्या ओळीत काहीच नाही

कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम वाचून यंत्राच्या भाषेत उतरवणारा, म्हणतो, १७व्या ओळीत चूक आहे. १७व्या ओळीत आहे काय, तर एक महिरपी कंस. तोही बंद करणारा. तो एकटा जीव चूक करून करून करणार काय?

मला 'सी येतं', म्हणजे सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येते, ही बातमी नाशकात गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणी फोडली देव जाणे. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री वरच्या मजल्यावरची डिप्लोमावाली उघडा लॅपटॉप घेऊन हजर. मागोमाग तिची आजी, चिवड्याची वाटी घेऊन. कॉलेजात अजून टर्बो सी, म्हणजे १९८७ साली बाजारात आलेला सीचा कंपायलर. निळ्याशार पडद्यावर ते ठणकावतं, 'स्टेटमेंट मिसिंग सेमीकोलन'.

"काका, कंसाला कशाला हवा सेमीकोलन?"

सेमीकोलन म्हणजे आपला अर्धविराम, सीमधलं वाक्य संपल्याची खूण. तो खाल्लेला असतो १६व्या ओळीत. पण एंटर मारून ओळ संपवली, याला सीच्या लेखी काडीची किंमत नाही. एंटर काय नि स्पेस काय, सारखंच. अर्धविराम दिसेपर्यंत कंपायलर वाक्य चालूच आहे असं धरून वाचत सुटतो, आणि पुढचं शेपूट वाक्याला जोडताच येईना की तिथे ओरडतो. ट्रक बंद पडतो आडगाव नाक्याला, हॉर्न वाजतात द्वारकेला.

महिरपी कंस मिटायचा राहिला तर बोट थेट फाइलच्या शेवटाकडे. चल (व्हेरिएबल) पूर्णांकाचा आहे हे सांगणारा 'इंट' लिहिताना अक्षरं पुढेमागे झाली, तर त्या ओळीतल्या सगळ्या चलांच्या नावाने 'अनडिफाइन्ड सिंबॉल'चा गजर. अशा वेळी पोरं खालून सुधारायला घेतात. अरे, वरून घ्या! पहिली चूक काढा, पुन्हा कंपाइल करा, बाकीच्यांतल्या निम्म्या तिच्याच पोटातल्या असतात. (पायथन या दुसऱ्या भाषेला बरी उपरती झाली. २०२१च्या ३.१० आवृत्तीपासून तो कुठला कंस उघडा राहिला ते नीट सांगतो.)

तर आम्ही १६व्या ओळीला अर्धविराम दिला. तेवढ्या उत्साहात पोरीने 'फॉर'च्या, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करवणाऱ्या लूपच्या, कंसापुढेही एक देऊन टाकला. तो मात्र सीला चालतो! एरर शून्य. दोनच्या पाढ्याचा प्रोग्रॅम चालवला. दहा ओळी यायच्या, तर अर्धविरामापाशीच संपलेला लूप रिकामाच फिरून मोजणी अकरावर सोडून आला आणि पडद्यावर एकच ओळ : २ गुणिले ११ बरोबर २२.

पोरगी रडकुंडीला. आजीने चष्मा सरसावून पाहिलं.

"बरोबर तर आहे की! आमच्या वेळी दहापर्यंतच होता."