लेकराला राजीनामा देता येतो का?

एखादी आई मुलाबद्दल बोलता बोलता एकदम आवाज खाली आणते, तेव्हा ओळखावं की आता विषय अभ्यासाचा नाही. "याला दिसतं." "हिला आधीच कळतं." "हा साधा जीव नाहीये हो, जुना आत्मा आहे." असं सांगणारी माणसं अडाणी असतात, हा समज तेवढा काढून टाका. चांगले शिकलेले, दिवसभर आकडेमोड करणारे लोक मी हे बोलताना ऐकलेत.

देव आहे की नाही, आत्मा आहे की नाही, हा वाद मला इथे घालायचा नाही. त्यासाठी बाकीचं फेसबुक आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की आईवडिलांनी मुलाची 'दिव्य' म्हणून नेमणूक केली आणि उद्या त्याला ती नको झाली, तर त्याला राजीनामा देता येतो का?

मुलं खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. न दिसणारा मित्र असणं ही लहानपणातली अगदी सर्रास गोष्ट आहे. मार्जोरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत मुलांचा पाठपुरावा केला. 2004 साली छापलेल्या त्या अभ्यासात सात वर्षांची होईपर्यंत साधारण 65 टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता (माणूस, प्राणी, किंवा जिवंत मानलेलं खेळणं). झोप लागताना आकृती दिसणं, आवाज येणं हेही निरोगी माणसांना होतं. म्हणजे मूल सांगतं ते त्याच्यापुरतं खरं असतं. त्याचं 'वरदान' होतं ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर.

हे मी जवळून पाहिलंय. नात्यातली एक चिमुरडी. आजोबा जाऊन फार दिवस झाले नव्हते. खेळता खेळता ती म्हणाली, "आजोबा खुर्चीत बसलेत." खोली गप्प झाली. आजी रडायला लागली, आईने पोरीला छातीशी धरलं, बाबाने फोन काढला. तोवर तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पुढच्या भेटीत आईनेच विचारलं, "सांग ना मावशीला, आज कोण दिसतंय?" पोरीने खुर्चीकडे बघितलंच नाही. आधी आईकडे बघितलं. मग म्हणाली, "आजोबा." आईचे डोळे भरले. "काय म्हणतायत?" पुन्हा आईकडे नजर. "रडू नको म्हणतायत."

यात लबाडी कुणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ते अवघड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा गणितं सोडवायचा, टाप आपटून उत्तर द्यायचा. 1904 मध्ये तज्ज्ञांच्या समितीला त्यात काहीच फसवणूक सापडली नाही. मग 1907 मध्ये ऑस्कर फुंगस्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं, किंवा तो घोड्याला दिसत नसला, की घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान किंचित हलायची आणि घोडा थांबायचा. कहर म्हणजे हे गुपित कळल्यावरही फुंगस्टला स्वतःची ती हालचाल पूर्ण आवरता आली नाही. आता घोड्याला जे जमलं ते आईच्या चेहऱ्यावरच वाढलेल्या लेकराला जमणार नाही?

'इंडिगो मुलं', म्हणजे जन्मतःच खास शक्ती घेऊन आलेली मुलं, हे लेबल तर काय सांगावं! नॅन्सी टॅप यांनी 1970 च्या दशकात ते काढलं, 1999 मधल्या एका पुस्तकाने ते जगभर नेलं. लक्षणं बघा: हट्टी, संवेदनशील, शिस्त न मानणारं, चटकन कंटाळणारं. कोणाचं पोर यात बसत नाही? गंमत इथे संपते, कारण यातल्या बऱ्याच खुणा अतिचंचलतेच्याही असतात आणि त्या मुलाला मदत हवी असते. तसंच 'ध्यान लागण्याचं'. बोलता बोलता मूल काही सेकंद शून्यात बघतं, हाक ऐकू येत नाही, मग काही झालंच नाही असं पुढे सुरू होतं. हे दिवसातून अनेकदा होत असेल तर ती फिट असू शकते. साधारण चार ते दहा वर्षांच्या वयात सुरू होणारा अपस्माराचा एक प्रकार असाच दिसतो आणि औषधाने बहुधा आटोक्यात येतो. अशा मुलाला नमस्कार कसला करताय? मेंदूच्या डॉक्टरांकडे न्या.

आणि एकदा गर्दी जमली की घराच्या हातातही काही राहत नाही. अमेरिकेतल्या मार्जो गॉर्टनरचं नावच मेरी आणि जोसेफ जोडून ठेवलेलं. चौथ्या वर्षी तो धर्मोपदेशक झाला, त्या वयात त्याने एक लग्नही लावलं. लोकांना वाटायचं, ईश्वरच त्याच्या तोंडून बोलतोय. मोठेपणी त्याने सांगितलं की प्रवचनं पाठ झाली नाहीत तर आई तोंडावर उशी दाबायची, नाहीतर डोकं नळाखाली धरायची. मारायची नाही, कारण वळ दिसले असते. 1972 मध्ये त्याने स्वतःच्या धंद्याचं सगळं बिंग कॅमेऱ्यासमोर फोडलं. त्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. त्याचं बालपण परत मिळण्याची काही सोय नव्हती.

दुसरा मुलगा, तिथलाच. सहा वर्षांचा असताना मोटार अपघात झाला, शरीर लुळं पडलं. कोमातून उठल्यावर तो म्हणाला, मी स्वर्गात जाऊन आलो. 2010 मध्ये बाप-लेकाच्या नावाने पुस्तक आलं, लाखोंनी खपलं. 2015 च्या जानेवारीत त्याने जाहीर पत्र लिहिलं: मी मेलो नव्हतो, स्वर्गात गेलो नव्हतो, लोकांचं लक्ष वेधलं जाईल म्हणून तसं म्हणालो होतो. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. लुळा पडलेला सहा वर्षांचा मुलगा लक्ष मागतो, यात त्याचं काय चुकलं? पण राजीनामा द्यायला त्याला सोळा वर्षांचं व्हावं लागलं आणि तो साऱ्या जगासमोर द्यावा लागला.

तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींचं उदाहरण मला कुणीतरी देणारच, म्हणून मीच देते. 1909 मध्ये मद्रासमधल्या अड्यारच्या किनाऱ्यावर, थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्मवादी संस्थेच्या लेडबीटरनी त्या मुलाला हेरलं, 1911 मध्ये त्याच्याभोवती भावी जगद्गुरूची अख्खी संघटना उभी राहिली. वडिलांनी पालकत्व स्वखुशीने सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंटना लिहून दिलं होतं. मग ते पस्तावले, कोर्टात गेले, आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या कोर्टात, हरले. मुलगा परत मिळाला नाही. 1929 मध्ये हॉलंडमध्ये, हजारो अनुयायांसमोर, चौतिसाव्या वर्षी कृष्णमूर्तींनी ती संघटना स्वतःच विसर्जित केली. लोक हे 'बघा, मुलगा खरंच असामान्य होता' म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते हे, की नेमणूक झटकायला एवढ्या असामान्य माणसालाही वीस वर्षं लागली.

आईबापांवर मी चिडून आहे असं नाही. घरात मृत्यू झालेला असतो, मूल बोलायला उशीर करत असतं, शाळेतून तक्रारी येत असतात. तेव्हा 'आजार' या शब्दापेक्षा 'देणगी' हा शब्द गिळायला सोपा जातो. फक्त त्याची किंमत कोण मोजतंय ते बघा. मूल भांडलं, खोटं बोललं, नापास झालं, तर "तुझ्यासारख्या जिवाला हे शोभतं का?" हे वाक्य त्याच घरात ऐकलंय मी.

"मग तिला म्हणू तरी काय?" असं त्या चिमुरडीच्या आईने मला विचारलं होतं, जरा फणकाऱ्यानेच. मी म्हटलं, "हो का? तुला आजोबांची आठवण येते ना?" एवढं म्हण आणि तिला जवळ घे. डोळे मोठे करू नकोस, पुढचा प्रश्न विचारू नकोस, कुणाला बोलावू नकोस. उद्या ती विसरली तर आठवण करून देऊ नकोस. आणि तो व्हिडिओ आधी ग्रुपवरून काढ.

तिने काढला नाही. त्याच्याखाली अजून हात जोडलेले इमोजी येतायत, आणि आता अनोळखी लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो पाठवून विचारतायत, "ताई, बाळाला जरा विचाराल का?"